स्वप्नातून गाळलेला वास

फार पूर्वी एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात दोर वळणारा एक माणूस राहत होता. विहिरीचा नाडा असो, बैलाचा कासरा असो की पाळण्याची दोरी, सगळं त्याच्याच हातचं. लोक त्याला दोरवळ्या म्हणत. वीस वर्षांत त्याचा एकही दोर तुटला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

त्या गावाला स्वप्नांचं भारी वेड होतं. पाणवठ्यावर बायका आधी स्वप्नं सांगायच्या आणि मग घागरी भरायच्या. अर्थ लावायला देवळाच्या पायरीवर एक म्हातारे आबा बसत. साप दिसला तर धन, लग्न दिसलं तर काळजी, आणि कुणाचं मरण दिसलं तर त्या माणसाचं आयुष्य वाढलं, असं ते सांगत. एका सुनेला सासूचं मरण वरचेवर दिसे. आबा दर वेळी सासूचं आयुष्य वाढवून देत. शेवटी त्या बिचारीने आबांकडे जाणंच सोडलं.

दोरवळ्याची धाकटी बहीण त्याच गावात दिली होती. तिचा नवरा कड्यावरची पोळी काढायचा. दर सात वर्षांनी कारवीची झुडपं फुलली की कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकत, आणि तो दोराला लोंबकळून ती उतरवायचा. अख्खं गाव त्या मधाची वाट बघे.

या कामाची एक रीत होती. दोराचं वरचं टोक झाडाला बांधलेलं असलं तरी ते धरून बसायचा मान पोळी काढणाऱ्याच्या मेहुण्याचा, म्हणजे त्याच्या बायकोच्या भावाचा. सख्खा भाऊ असला तरी त्याच्या मनात जमिनीच्या वाटणीचं काही येऊ शकतं. बायकोचा भाऊ मात्र आपल्या बहिणीचं कुंकू कसं पुसेल? असा त्या रीतीमागचा हिशेब होता, आणि तो आजवर चुकला नव्हता. म्हणून दोर वळणाराही दोरवळ्याच आणि टोक धरणाराही तोच.

त्या वर्षी कारवी फुलणार म्हणून त्याने पावसाळ्यातच नवा तीनपेडी दोर वळायला घेतला. घायपाताची पानं ठेचून, धुऊन त्यांचा वाख, म्हणजे दोराचे धागे, काढला. दोन पेडांपुरता वाख कडक वाळला. तिसऱ्याच्या वेळी आभाळ जे भरून आलं ते आठ दिवस उघडलंच नाही. वाख हाताला ओलसर लागत होता. तो स्वतःशी म्हणाला, "सुकेल आढ्याला टांगल्यावर," आणि ओला पेड आत घालून त्याने दोर वळून टाकला. वरून दोर इतका देखणा झाला की बघणाऱ्याने हात फिरवावा.

कारवी फुलली. मध काढायचा दिवस ठरला. त्याच्या चार दिवस आधी दोरवळ्याने दोर आढ्यावरून खाली घेतला, तेव्हा त्याला एक वास आला. कुजकट आणि आंबूस. त्याने दोर अंगणात टाकला, उन्हाकडे बघितलं आणि तो दुसऱ्या कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला स्वप्न पडलं. कड्यावर तो टोक धरून बसला आहे. दोर हातात आहे, पण तो भिजलेल्या गुळासारखा बोटांत मऊ होत चालला आहे. तो खाली ओरडून सांगू बघतो, तर तोंडातून आवाजाऐवजी वाख निघतो. मग बहीण समोर येते. तिचं कपाळ मोकळं आहे. ती त्याला ताट वाढते आणि ताटातून तोच वास येतो. तो दचकून जागा झाला, तरी वास नाकातून जाईना. पुढच्या पहाटे तेच स्वप्न पडलं आणि त्याच्या पुढच्या पहाटेही तेच.

आता पोळी काढायला एकच दिवस उरला होता. दोर उकलून बघणं हे काही मोठं काम नव्हतं. पण उकलला आणि पोटात कुजलेला निघाला तर? नवा दोर करायला पंधरा दिवस लागणार, तोवर फुलोरा संपून माश्या उडून जाणार आणि मध सात वर्षं लांबणार. लोक काय म्हणतील, हे त्याला उघड्या डोळ्यांनी स्वप्नापेक्षाही स्वच्छ दिसत होतं. तो दोराकडे गेला नाही. तो आबांकडे गेला.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दोर मऊ झाल्याचं, तोंडातून वाख निघाल्याचं, बहिणीच्या मोकळ्या कपाळाचं, सगळं त्याने सांगितलं. वास मात्र त्याने गाळला.

"आणखी काही दिसलं? काही ऐकू आलं, जाणवलं?" आबांनी विचारलं. "एखादी बारकी गोष्ट असली तरी सांग. कधीकधी सगळा अर्थ तिच्यातच असतो."

दोरवळ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते तिथेच गिळलं.

"नाही आबा. एवढंच."

"मग घोर कशाला करतोस? मरण दिसलं म्हणजे आयुष्य वाढलं. तुझा दाजी म्हातारा होऊन मरेल."

दोरवळ्याला हायसं वाटलं. हेच ऐकायला तर तो आला होता. घरी जाताना त्याने बहिणीच्या दारात थांबून दाजींना हसत सांगितलंसुद्धा की तुमचं आयुष्य वाढलंय, आबांनी सांगितलंय. दाजी म्हणाले, मग आता दुप्पट मध काढतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गाव कड्याखाली जमलं. दाजींनी दोराला नमस्कार केला, मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते कड्यावरून खाली उतरले. दोरवळ्या टोक धरून बसला. एक हिसका म्हणजे दोर सोड, दोन हिसके म्हणजे ओढ, असं त्यांचं ठरलेलं होतं. एक हिसका आला. त्याने दोर सोडला. आणखी एक आला. त्याने आणखी सोडला. आणि मग दोराला पीळ उलगडल्यासारखी एक थरथर आली, आणि त्याच्या हातातला दोर एकदम हलका झाला.

लोक धापा टाकत वर पोचले, तेव्हा तो टोक घट्ट धरून बसलेला होता. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. गाव हळहळलं. मेहुणा असावा तर असा, शेवटपर्यंत टोक सोडलं नाही, असं जो तो म्हणू लागला. खडकाच्या धारेने दोर कापला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच सगळ्यांनी धरलं. दोरवळ्या गप्प राहिला. आपला अर्थ चुकला म्हणून आबांनी पायरीवर बसणं सोडलं, तेव्हाही तो गप्प राहिला.

वर्ष सरलं. भाऊबीज आली. बहीण तबक घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. पाट मांडला, निरांजन लावलं आणि मग तिचा हात अडखळला.

"माझ्या हातचं औक्षण चालेल ना रे दादा? दुसरं कोण आहे मला? गावाने मला पांढऱ्या पायाची म्हटलं, पण मला एक समाधान आहे. शेवटच्या घटकेला त्यांचा दोर तुझ्या हातात होता."

तेव्हा त्याच्याने राहवेना. पाटावर न बसता, भिंतीला टेकून, त्याने तिला सगळं सांगितलं. ओला पेड, आढ्याखालचा वास, तीन पहाटांचं स्वप्न आणि आबांसमोर गिळलेला तो एक शब्द.

बहीण रडली नाही.

"तू सांगितलं असतंस, तर ते हसले असते," ती म्हणाली. "म्हणाले असते, जाऊ दे, पुढच्या फुलोऱ्याला बघू."

तिने तबक उचललं आणि ती आपल्या घरी गेली. त्यानंतर तिने त्याला कधी दादा म्हणून हाक मारली नाही. समोर आला तर ती पदर सावरून बाजूने निघून जाई, जशी कुणाही परक्या माणसासमोरून जाईल तशी. त्याने दोर वळणं सोडलं. आबांना जाऊन खरं सांगायचं त्याने ठरवलं, पण तोवर आबा वारले होते.

दोरवळ्या पुढे खूप वर्षं जगला. रोज पहाटे त्याला स्वप्न पडे, पण ते पहिल्यासारखं भीतीचं नसे. त्यात दोर कडक वाळलेला असे. दोन हिसके येत, तो ओढू लागे, आणि दाजी मधाने माखलेल्या हातांनी कड्यावर चढून येत आणि हसत म्हणत, अहो, एवढा काय घोर करता? मग त्याला जाग येई. त्या स्वप्नाचा अर्थ त्याला कुणाला विचारावा लागला नाही.

तात्पर्य: जी गोष्ट आपल्याला जागेपणी कळलेली असते, ती लपवून स्वप्नाचा अर्थ विचारू नये. गाळून सांगितलेल्या स्वप्नाचा अर्थ गोड निघतो, आणि गाळलेलं तेवढं आपल्याच माणसाच्या जिवावर बेततं.