राऊटरकाकांचं खोटं

घराघरांत वायफाय नवं होतं आणि यंत्रं आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. गोडबोल्यांच्या कपाटावर एक राऊटर राहत असे. कुठल्याही साइटवर जायचं तर सगळे त्यालाच पत्ता विचारत. एकदा मालकीणबाईंनी त्याला काही वाईट साइटचे पत्ते द्यायला मनाई केली.

नेमका तसलाच पत्ता लहानग्या टॅबने विचारला. वाद नको म्हणून राऊटर म्हणाला, "असं ठिकाणच नाही रे, बाळा."

"आहे की!" शेजारचा मोबाइल टॅबला म्हणाला. "थापाडे आहेत तुझे काका."

तेव्हापासून टॅब बाहेरच्या एका अनोळखी वाटाड्याला पत्ते विचारू लागला. त्याने शाळेची साइट म्हणून चोराचं दार दाखवलं. टॅबमधलं सगळं लुटलं गेलं. मालकीणबाईंनी त्याला पुसून कोरा केला. त्याला काहीच आठवेना; राऊटर मात्र काही विसरला नाही.

कोऱ्या टॅबने पुन्हा तोच पत्ता विचारला.

"ठिकाण आहे," राऊटर म्हणाला, "पण पत्ता मी देणार नाही. ते तुझ्या भल्याचं नाही."

"जा, तुमच्याशी कट्टी!"

टॅब रुसून बसला. थोड्या वेळाने शाळेचा पत्ता विचारायला मात्र तो काकांकडेच आला.