नापासांचा खुराक

"एका जरी विषयात नापास झाला, तर त्या विद्यार्थ्याचा सरकारी शिधा बंद!" मेघराज महाराजांनी असं फर्मान काढलं आणि विद्यापीठातला रखमाजी दुसऱ्याच दिवशी गाठोडं बांधू लागला. चार विषयांत तो पहिला आला होता. गणितात मात्र आपटला होता. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती, पण पोट तितकं थांबायला तयार नव्हतं.

त्याची धाकटी बहीण भिवरा सरकारी तालमीत पैलवानांसाठी बदाम वाटायची. ती हात पुसून थेट दरबारात गेली.

"महाराज, शिधा बंद झाला तर दादा गावी जाईल. मग फेरपरीक्षा देणार कोण?"

"आधी पास व्हावं, मग जेवावं! नापासाला खाऊ घाला, हे माझ्या तोंडून कधीच निघायचं नाही."

"आणि निघालं तर?"

दरबारी हसले. महाराजांना मात्र पैजेचा भारी नाद. "उद्या सूर्य मावळायच्या आत माझ्याकडून वदवून घे. सगळ्या नापासांचा शिधा चालू! नाही जमलं, तर तुझीही चाकरी गेली."

"बरं," भिवरा म्हणाली आणि बदाम भिजत घालायला निघून गेली.

सकाळी महाराज नेहमीप्रमाणे दिवाणजींना घेऊन तालमीत आले. त्यांचा लाडका पैलवान सटवाजी रिकाम्या पेल्याकडे बघत बसला होता.

"याचं दूध कुठाय?"

"बंद केलं, महाराज."

"कोणी?"

"मी. परवा जत्रेत हा चीतपट झाला. सरकारी खर्चानं शिकतो आणि नापास होतो!"

"अगं, वेड लागलं का तुला?" महाराज कडाडले. "पंधरा दिवसांनी त्याच गड्याशी याची पुन्हा कुस्ती आहे. उपाशीपोटी जिंकेल का तो? पडलाय म्हणूनच दुप्पट पाज!"

भिवरानं पेला काठोकाठ भरला. "पाजते, महाराज. पण दूध जरा जास्त झालंय. थोडं विद्यापीठापर्यंत ओघळू द्यावं का?"

महाराजांनी वर पाहिलं. सूर्य नुकताच उगवला होता.

मग ते असे हसले की आखाड्यातल्या जोड्या कुस्ती सोडून बघत राहिल्या.

"दिवाणजी, पुढच्या परीक्षेपर्यंत नापासांचा शिधा चालू करा! आणि या पोरीला एक दुभती म्हैस द्या."

सटवाजीनं पेला एका दमात रिकामा केला. न जाणो, पुन्हा फर्मान बदलायचं!