तानूआयचा रुसवा

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, खारोळी गावात तानूआय राहायची. गावात कुणी गेलं की आधी तिला बोलावणं यायचं. मयत ताठलेलं असायचं, हात छातीवर जुळत नसत आणि घरचे बिचारे ओढाताण करत बसायचे. तानूआय त्यांना बाजूला सारायची. "ह्यो ताठो न्हय, रुसवो आसा," म्हणायची. कोमट खोबरेल चोळत ती मयताला घरच्या लाडक्या नावानं हाक मारायची, राहून गेलेलं एखादं बोलणं घरच्यांकडून वदवून घ्यायची, आणि हात मऊ व्हायचा, असं म्हणतात. ताठा वेळ झाली की आपणच उतरतो, असंही जाणते म्हणतात. उतरत असेल बापडा.

पण गावातल्या मेलेल्यांची समजूत काढणाऱ्या या बाईला पोटच्या जिवंत लेकीची समजूत काही काढता आली नाही. सुंद्रीनं पलीकडच्या तीरावरचा नवरा स्वतःच निवडला, त्यावरून दोघींची जुंपली.

"बोलवल्याशिवाय मी येवचंय नाय," लेक म्हणाली.

"मगे येव नको!" आई म्हणाली.

झालं. तेव्हापासून तानूआय रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर जाऊन बसायची. पलीकडे लेकीच्या घरचा दिवा दिसायचा. तिचा जीव तुटायचा, हाक ओठांपर्यंत यायची, पण बाहेर काही पडायची नाही. वर्षं गेली.

एका सकाळी ती धक्क्यावरच गेलेली सापडली. उजवा हात पैलतीराकडे पसरलेला, ताठ. शेजारणींनी तेल चोळलं, "तानगे, तानगे" म्हणून आळवलं. हात लाकडासारखा तसाच. शेवटी खाडीवर होडी चालवणारा म्हातारा तरवाला म्हणाला, "आमच्यावर नाय गो रुसली ती," आणि त्यानं होडी पलीकडे घातली.

सुंद्री धावत आली. तो पसरलेला हात बघून तिला रडू आवरेना.

"आये, तू बोलवलंस म्हणान मी इलंय गो."

तसा तो हात हळूहळू वाकला आणि लेकीच्या पाठीवर येऊन विसावला, असं म्हणतात.

खारोळीत आजही मयत ताठलं असं कुणी म्हणत नाही, रुसलंय म्हणतात. तानूआयच्या तिथीला धक्क्यावर खोबरेलाची वाटी ठेवतात. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या तळहाताला त्यातलं बोटभर तेल लावायचं. बोलायचं काही नाही. हात मऊ आहे तोवर लावायचं, एवढंच.