घाण्यावरचा सातवा दिवस

फार फार वर्षांपूर्वी यहुद्यांच्या देशावर रोमचं राज्य आलं, आणि हनान्या तेल्याच्या घाण्यावर रोमन शिपाई येऊन बसले. जैतुनाचं सगळं तेल आता छावणीला! घाणा ओढायचं हनान्याचं गाढव, भुऱ्या. शिपायांनी त्याच्या जोडीला आपलं धिप्पाड खेचर जुंपलं. सहा दिवस दोघं गरगर फिरले.

सातव्या दिवशी सकाळी शिपायाने जू चढवलं, तर भुऱ्याने चारही पाय रोवले!

"अरे, चल ना!" खेचर घाबरून म्हणालं. "रोमचा हुकूम आहे!"

"आज शब्बाथ," भुऱ्या म्हणाला. "आज आमचा धनी काम करत नाही, आणि मलाही जुंपत नाही. आजवर कधीच जुंपलं नाही."

सपासप काठ्या बसल्या. पण भुऱ्याचा खूर काही हलला नाही. शिपायाने तलवारच उपसली!

"खुशाल कापून टाक," शिपायांचा नायक ओरडला, "आणि उद्यापासून घाणा तू ओढ!"

तलवार मुकाट्याने म्यानात गेली.

खेचर ऐटीत म्हणालं, "आम्ही जग जिंकलंय, ठाऊक आहे?"

"हो? मग तुमची सुट्टी कधी असते?"



पुढचा शब्बाथ उजाडला. शिपायाच्या काठीचा आवाज जवळ येऊ लागला. भुऱ्याची पाठ अजून ठणकत होती. त्याने धीर करून पाय रोवले आणि शेजारी पाहिलं. रोमचं खेचर केव्हाच जमिनीवर फतकल मारून बसलं होतं.

"उभा काय राहिलास?" ते फुरफुरलं. "बस लवकर, आला तो!"