सातभाईंचा पहारा

बाभळीच्या बनात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. सहा जण खाली पाचोळा उकरून किडे वेचायचे आणि एक जण शेंड्यावर बसून पाखरांवर झडप घालणाऱ्या शिक्र्यावर नजर ठेवायचा.

एकदा पहाऱ्यावरून मधला भाऊ ओरडला, "शिक्रा आला!" सगळे घाबरून काट्यांत घुसले. बघतात तर वाळकं पान! म्होरक्या थोरला भडकला. "पुन्हा उगाच ओरडलास तर थव्यातून हाकलून देईन!" म्हणत त्याने मधल्याच्या डोक्यात चोच मारली.

त्यानंतर बन गप्प झालं. थोरल्याला वाटलं, आता कशी शिस्त लागली!

एका दुपारी पाचोळ्याचा आवाज एकदम थांबला. थोरल्याने मान उचलली. भाऊ थिजून वर बघत होते. शेंड्यावर मधल्याची चोच उघडी होती, पण आवाज फुटत नव्हता. थोरल्यावरून सावली सरकली आणि शेजारचा धाकटा दिसेनासा झाला.

काट्यांत लपल्यावर थोरल्याने विचारलं, "कुणालाच दिसला नाही?"

"सगळ्यांना दिसला, दादा," एक भाऊ म्हणाला.

"मग ओरडला का नाहीत?"

मधला अंग चोरून मागे सरकत म्हणाला,

"पान असतं तर?"