साकवाच्या गाठी आणि साहेबाचा शब्द

एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कांदा-लसूण आमच्याकडे सुटतोच, पण त्या वर्षी म्हटलं, देवा, अर्थ कळला नाही असा शब्द हे चार महिने तोंडातून काढणार नाही. नेम सोपा वाटला होता. आषाढ सरता सरता लेक म्हणाला, "आई, माझे अजून काही क्रेडिट बाकी आहेत," आणि मी हातातलं निरांजन खाली ठेवलं. पोरगं कॉलेजात जाऊन उधारी करून बसलं की काय? तो हसला. म्हणाला, अगं, ते अभ्यासाचे असतात. यजमान म्हणाले, बँकेत क्रेडिट झालं म्हणजे पैसे जमा झाले. मग कार्डावर क्रेडिट म्हणजे? ती उधारी. जाऊबाई म्हणाल्या, सिनेमा संपला की नावं सरकतात ना, तेही तेच. माझं डोकं पार गरगरलं. तो शब्द मी चार महिने उच्चारला नाही, पण शेजारची मुलं गोष्टीला येत, त्यांच्यासाठी त्या शब्दाची एक गोष्ट मनात तयार झाली. ती अशी.

फार पूर्वी डोंगरात एक गाव होतं, आणि त्या गावाला जायला-यायला सोयीची वाट म्हणजे एकच साकव. साकव म्हणजे ओढ्यावरचा साधा पूल. खाली खोल घळ, वर बांबू आणि काथ्याचे दोर. दरवर्षी पाऊस संपला की सगळं गाव मिळून तो बांधी. काम सगळ्यांचं, पण गाठी वाटलेल्या. अलीकडच्या टोकाच्या गाठी गुरवाच्या, मधल्या सुताराच्या, पलीकडच्या टोकाच्या वाण्याच्या, आणि अलीकडच्याच काठावरल्या उंबराच्या झाडाजवळच्या ठमाकाकूच्या. ज्याने गाठ मारली त्यानेच ती जाता-येता आवळायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही, कारण ज्याची गाठ त्यालाच तिचा पीळ ठाऊक.

ठमाकाकू एकटी बाई. घरात एक गाय आणि देवघरात एक बाळकृष्ण. लेक गोदा ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. गोदाचे दिवस भरत आले होते, आणि पहिलं बाळंतपण म्हणून पौर्णिमेच्या आत ती माहेरी यायची होती. साकवावरून आली तर सकाळी निघून दुपारी पोचावं एवढीच वाट. नाहीतर कड्याच्या कडेने घाट, तिथून पोटुशी बाई कशी येणार?

अशात गावात एक गोरा साहेब आला. डोंगरांची मोजणी करून त्यांचा नकाशा काढायचं त्याचं काम. त्याचा दुभाष्या तापाने फणफणून खालच्या गावात पडला होता, म्हणून साहेबाला मोडक्यातोडक्या मराठीवरच भागवावं लागत होतं. साकवाच्या मधोमध उभं राहून त्याने दोर ओढून पाहिले, पाय आपटून पाहिला, खूश झाला आणि म्हणाला, "फार चांगला पूल. कोणाचा क्रेडिट? मी पौर्णिमेला येणार. ज्याचा क्रेडिट, त्याला देणार." मग आपल्या पेट्या सांभाळायला आणि साकव कोणाचा ते विचारून ठेवायला एक शिपाई बसवून तो पुढच्या डोंगराकडे गेला.

गाव देवळात जमलं.

"क्रेडिट म्हणजे काय असेल हो?" सुताराने विचारलं. "शिपायालाही ठाऊक नाही."

"खायचं असेल," गुरव म्हणाला. "साहेब लोक डब्यातलं खातात."

वाणी मीठ-गूळ आणायला बंदरावर जाऊन आलेला. तो घसा खाकरून म्हणाला, "मला ठाऊक आहे. बंदरावरच्या मोठ्या दुकानात भिंतीवर तो शब्द लिहिलेला असतो. मी मुनिमाला विचारलं होतं. क्रेडिट म्हणजे उधारी."

सुतार उठून उभाच राहिला.

"म्हणजे साहेब साकवाची उधारी आपल्या नावावर टाकणार?"

"पण बांबू आपले, दोर आपले," ठमाकाकू म्हणाली. "मग उधारी कसली?"

"काकू, सरकारी उधारीला कारण लागत नाही," वाणी म्हणाला.

गुरवाने तोड काढली. "साकव आपण बांधलाच नाही असं सांगू. देवाने बांधला म्हणू."

"देवाच्या नावावर उधारी टाकता, गुरवभाऊ? रोज त्याचाच नैवेद्य खाऊन?" काकूने विचारलं.

"बरं, मग आपोआप उगवला म्हणू."

"साकव उगवतो?"

"बांबू उगवतो ना."

तेच ठरलं. शिपाई कोणाला विचारू लागला की जो तो कानावर हात ठेवी. आणि गाठ आवळायला गेलं तर शिपाई बघणार, बघितलं तर नाव टिपणार, म्हणून साकवाकडे कोणी फिरकेना. सकाळच्या दवाने दोर भिजले, दुपारच्या उन्हाने वाळले, आणि गाठी हळूहळू ढिल्या पडू लागल्या.

ठमाकाकूला ते दिसत होतं. गाठ आवळायला जावं तर उधारी अंगावर येणार. उधारीत गाय जाणार, आणि गाय गेली तर बाळंतिणीला दूध कुठून आणायचं? न जावं तर गोदाच यायची नाही. देवापुढे बसून तिने पुष्कळ विचार केला. काही उलगडेना. शेवटी ती उठली आणि साकवावर गेली. उंबराजवळच्या गाठी तिने पाय रोवून आवळल्या.

शिपाई तंबाखू मळत जवळ आला. "बाई, या गाठी तुमच्या?"

काकूने दोराचं टोक ओढून खोचलं. मग ती म्हणाली, "माझ्या."

"आणि बाकीच्या?"

"ते ज्याचे त्याला विचारा. मी माझ्यापुरतं बोलते."

गावात हे कळलं तेव्हा वाणी तिच्या दारात आला. "काय केलंत काकू? उधारी स्वतःच्या पायांनी घरी आणलीत."

"अहो शेठ, गाठ माझीच आहे. नाही कशी म्हणू?" काकू म्हणाली. पण गाईला चारा घालताना तिने तिच्या मानेवरून जरा जास्तच वेळ हात फिरवला.

पुढे दोन दिवसांनी कासार आला, बांगड्यांची पेटी घेऊन. तोही बंदरावर वावरलेला. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "उधारी कोण म्हणतं? माझ्या मालकाच्या पेढीवर क्रेडिट म्हणजे जमा. आणि साहेब लोकांच्या समारंभात मी या कानांनी ऐकलंय, तिथे क्रेडिट म्हणजे श्रेय. ते मिळालं की फेटा बांधतात, नारळ देतात."

"एका शब्दाला इतके अर्थ?"

"साहेबांकडे कपडे जास्त, शब्द कमी," कासार म्हणाला.

सुतार कपाळाला आठ्या घालून बसला होता. "अहो, पण उधारी आणि जमा एकच कसं? मग त्यांच्यात देणारा कोण नि घेणारा कोण?"

"ते मला विचारू नका. मी बांगड्या विकतो."

अर्थ कोणालाच कळला नव्हता, पण फेटा मात्र सगळ्यांना कळला. तासाभरात अख्खं गाव साकवावर. गुरव म्हणे, "मी नारळ फोडला म्हणून साकव उभा राहिला." वाणी म्हणे, "दोर कोणाच्या दुकानातला?" सुतार म्हणे, "मापं कोणाची?" आपली खूण म्हणून जो तो दिसेल त्या गाठीवर रंगीत चिंध्या बांधू लागला. दुसऱ्याची गाठ सोडायची, घाईने पुन्हा मारायची, वर आपली चिंधी. काकूच्या गाठीलाही वाण्याने हात घातला.

"शेठ, ती माझी."

"काकू, एकट्या बाईमाणसाला फेटा काय करायचा?"

"फेट्याचं मला ठाऊक नाही. चिंधी बांधायची तर बांधा. गाठ सोडू नका."

शिपायाला तिची दया आली. तो हळूच म्हणाला, "बाई, आता तर मान आहे म्हणतात. चार गाठी जास्त सांगा. मी थोडाच मोजायला बसलोय?"

"नको रे बाबा. उधारी होती तेव्हा कमी सांगितल्या नाहीत, आता मान आहे म्हणून जास्त कशाला सांगू?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पलीकडच्या तीरावरून हाक आली. "आये!" गोदा आली होती, सोबत तिचा दीर. तिने साकवावर पाऊल ठेवलं, आणि साकव एका अंगाला असा कलला की ती दोर धरून मागे सरली.

"आये, चालता चालताच कळा सुरू झाल्या गं," ती तिकडून म्हणाली. "घाटाने नाही यायचं मला."

सगळं गाव काठावर धावलं. साकवभर चिंध्या फडफडत होत्या. एकेका गाठीवर चार-चार मालक, आणि आवळायला एक नाही. काकू आपल्या गाठींपर्यंत गेली, त्या घट्टच होत्या. पुढच्या गाठींना तिने हात लावून पाहिला, पण पीळ कुठल्या अंगाला आहे ते तिला कळेना. उलट ओढलं तर सुटायची.

ती वळली आणि हात जोडले. "मला कोणाचा मान नको की उधारी नको. या गाठी कोणाच्या ते तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्या आवळा. माझी लेक पलीकडे उभी आहे."

मग सुतार पुढे आला. चिंध्या काढत खाली मान घालून म्हणाला, "मधल्या माझ्या. बाकी काही माझं नाही." मागोमाग गुरव आला. "या टोकाच्या माझ्या." शेवटी वाणी. तो कलत्या साकवावरून बसत-सरकत पलीकडे गेला, आणि तिथून त्याचा आवाज आला, "इथल्या माझ्या आहेत. आणि एक सांगतो, यातली एक मी बांधली तेव्हापासूनच सैल आहे. दोर तोकडा पडला होता, मी तसाच दामटला."

"आता तरी नवा घ्या," सुतार म्हणाला. "तुमच्याच दुकानात मिळतो."

वाण्याने कमरेचा शेला काढला, पिळला, आणि दोराला जोड देऊन गाठ मारली. साकव सरळ झाला. वाण्याने गोदाला हाताचा आधार दिला, आणि एकेक पाऊल टाकत ती आईच्या मिठीत आली. दिवेलागणीला सुईण बाहेर येऊन म्हणाली, "नात झाली हो, ठमाकाकू."

दुसऱ्या दिवशी साहेब आला. दुभाष्याही बरा होऊन सोबत आला होता. "साहेब विचारतात, साकव कोणी बांधला? नकाशात नाव घालायचं आहे."

"काकूंचं घाला," वाणी म्हणाला. "उधारी होती तेव्हाही त्याच हो म्हणाल्या."

"माझ्या उंबराजवळच्या तेवढ्या," काकू म्हणाली. "बाकीच्यांना विचारा."

मग जो तो आपापली गाठ सांगू लागला. वाण्याने सैल गाठही सांगितली. साहेब बराच वेळ लिहीत होता. काय लिहिलं ते कोणाला वाचता आलं नाही.

जाताना वाण्याने दुभाष्याला अडवलं. "महाराज, एकदाच सांगा. क्रेडिट म्हणजे देणं की घेणं?"

दुभाष्याने विचार केला. मग साहेबाला विचारलं. साहेबाने डोकं खाजवलं आणि तो काहीतरी पुटपुटला.

"साहेब म्हणतात, कोण कुठे बोलतो त्यावर आहे."

गावाने त्या शब्दाचा नाद सोडला. पण शब्दाने गावाचा नाद सोडला नाही. म्हणतात की त्या गावात साकव बांधताना आजही गाठ मारणारा मोठ्याने म्हणतो, "माझं केडीट." म्हणजे ही गाठ माझी. घट्ट निघाली तर शाबासकी मला, सैल निघाली तर शिव्याही मलाच. साहेबाला जो अर्थ सांगता आला नाही, तो त्या अडाणी गावाने आपल्यापुरता असा लावून घेतला.

तात्पर्य: आपलं काम फायद्यात आपलं आणि तोट्यात परक्याचं, असं होत नाही. जेवढं केलं तेवढंच सांगावं, आणि दोन्ही दिवशी तेच सांगावं.

माझ्या नेमाचे चार महिने कधीच सरले, पण खरं सांगते, तो शब्द मला अजून पुरता कळलेला नाही. कळेल, देव कळवील. तोवर तुम्हीही एवढं करा. येत्या चातुर्मासात माझ्यासारखाच नेम धरा. अर्थ न कळलेल्या शब्दाला घाबरू नका, भुलू नका, आणि तो न समजता पुढे सांगूही नका. आधी कोणालातरी विचारा. घेतलेला नेम जमेल तसा पाळा. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा, देव रागावत नाही.