तिसरा द्रोण

"बर्फ किती घालताय, बुवा?"

केरबा आचाऱ्याने वाळूत उतरताउतरताच विचारलं. रामराम नाही, पाया पडणं नाही. पंचक्रोशी ज्याच्या हातचं बोटं चाटत जेवते, त्याला आधी वाकायची सवय राहत नाही.

चिंधीबुवा वेलापाशी उकिडवे बसले होते. नदी आटली की पात्रातल्या वाळूत ते खरबुजाचे चार वेल लावायचे आणि येईल त्याला खरबुजाचं शिकरण खाऊ घालायचे. ते इतकं गार असायचं की दात ठणकतात, असं लोक सांगत.

"बर्फ? हितं कुठला रं बर्फ?"

"मंग गार कसं हुतं?"

"निवतं."

"आपसूक?"

बुवांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुझं न्हाई निवत?"

केरबा चपापला. कुजबुज गावात होती, पण बुवा तर गावात पाऊल टाकत नसत.

वर्ष होत आलं होतं. केरबाच्या हातचं काही म्हणता काही निवत नव्हतं. खीर तासन्‌तास वाफाळत राहायची. श्रीखंड पानावर कोमट पडायचं. शहरातून बर्फाची लादी आणून तिच्यात पातेलं बसवलं, तर लादीचं पाणी झालं आणि पातेलं चटके देत राहिलं. लोक आधी हसले. मग म्हणाले, आचाऱ्याच्या हाताला ताप आलाय. यंदा लग्नसराई अर्धी सरली, तरी त्याच्या दारी एक बोलावणं आलं नव्हतं. ज्याच्या पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय पाहुण्यालाही उठायची छाती होत नसे, तो केरबा आता घरात बसून माश्या मारत होता. दुसरं त्याला काही येत नव्हतं, आणि त्याला फार भीती वाटत होती.

"न्हाई निवत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "युक्ती सांगा. म्हणाल ते करतो."

"युक्ती कसली? खरबूज काप, साखर लाव, दूध वत. एवढा मोठा आचारी तू. तुला मी काय शिकवू?"

केरबाने विळा घेतला. खरबूज पिकून पिवळं झालेलं, देठापाशी तडकलेलं. बिया काढल्या, गर कापला, साखर चोळून मडक्यात ठेवला. कमरेच्या चंचीतून स्वतःची वेलदोड्याची पूड काढून चिमूटभर टाकली. बुवा गालात हसले. खोड जित्याची असते.

सावलीत ठेवलेलं दूध चांगलं गार होतं. केरबाने ते मडक्यात ओतलं आणि मडक्याला हात लावला, तसं आतलं दूध कोमट झालं.

"बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

ऊन डोक्यावर आलं होतं. भर बाराला नदीच्या पात्रात माणसाने थांबू नये म्हणतात. पलीकडे डोह पसरला होता, पण त्याच्यावर एक पाखरू नव्हतं. वारा पडला होता, तरी कडेचं पाणी हळूहळू हलत होतं.

"कोन गेलं?" बुवांनी विचारलं.

"कोन न्हाई."

केरबाने डोहाकडे पाहिलं. "धाकटा भाऊ. शिदू. ह्याच डोहात. गेल्या वैशाखात."

"जेवून आल्ता?"

विळा पुसणारा केरबाचा हात थांबला.

"अर्धा."

केरबाने विळा खाली ठेवला.

"पाटलांच्यातलं लगीन. सैपाक माझा. पैली पंगत व्याह्यांची, आन् हा मधीच यिऊन बसला. शिकरण आवडायचं त्येला. 'दादा, आजून वाढ.' वाढलं. पुन्यांदा, 'दादा, आजून वाढ.' व्याही हसाय लागलं. माझी लाज गेली, बुवा. मी त्येचं मनगट धरलं आन् उठवला."

"पानावरनं?"

"...पानावरनं."

भरल्या पानावरून दुष्मनालाही कुणी उठवत नाही. ज्याने उभा जन्म पंगती वाढण्यात घातला, त्याला हे कुणी सांगायला नको होतं. केरबाने वर्षभर ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. सांगताना त्याला वाळूत गडप व्हावंसं वाटलं.

"हात धुतला हुता त्येनं?"

"धुवायलाच आला हितं. मागारी न्हाई आला."

बुवांनी मडक्याचं तोंड पळसाच्या पानांनी घट्ट बांधलं आणि ते उठले. डोहाच्या कडेला वाळूत हातभर खोल खड्डा होता. त्यात गढूळ पाणी झिरपलं होतं.

"पालथा पड. मडकं खाली नीऊन धर. सोडू नगंस."

केरबा पालथा पडला. मडक्याचा गळा धरून त्याने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. वर पाठ भाजत होती. खाली पाणी मात्र उन्हाळ्यातलं वाटत नव्हतं.

कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

पाच बोटं होती. गार होती, आणि चिकट होती. दुधासाखरेची बोटं वाळली की होतात तशी चिकट.

"बुवा!" केरबा ओरडला. "बुवा, वढतंय!"

"वढतंय?"

केरबाने श्वास धरला.

"...न्हाई. नुसतं धरलंय."

"मंग वढतंय कोन?"

केरबाने हात ओढायचा थांबवला. गाल वाळूवर टेकवून तो तसाच पडून राहिला. भीती गेली नाही, पण तिच्यामागून रडू आलं आणि मग ते आवरेना. "शिदू," तो म्हणाला. "चुकलं रं माझं." डोहाचं पाणी हलायचं थांबलं. किती वेळ गेला कोण जाणे. बोटं सैल झाली, एकेक करून.

त्याने मडकं वर काढलं. मडक्याच्या अंगाला दव धरलं होतं, आणि हाताला कळ लागेल इतकं ते गार होतं.

बुवांनी पळसाच्या पानांचे तीन द्रोण वाळूत मांडले. एक स्वतःपुढे, एक केरबापुढे, एक डोहाच्या बाजूला.

हा कुणाचा, असं केरबाने विचारलं नाही. तिसऱ्या द्रोणात त्याने काठापर्यंत शिकरण घातलं.

"आजून वाढ," बुवा म्हणाले.

केरबाने आणखी वाढलं. शिकरण काठावरून सांडलं आणि वाळूने ते पिऊन टाकलं.

मग दोघे खाली मान घालून जेवले. पहिल्याच घासाला केरबाचे दात ठणकले. वर्षभराने त्याच्या हातचं निवलं होतं. तो द्रोण चाटूनपुसून खाऊ लागला. खाताखाता त्याला उरलेली लग्नसराई दिसू लागली. पाटलांच्या धाकट्याचं लग्न ज्येष्ठात होतं. आज सांजेला निरोप धाडला तर काम हातातून जायचं नाही. आता कोण हसतंय, बघूच.

द्रोण रिकामा झाला. केरबाने मिशीवरून हात फिरवला, धोतराची वाळू झटकली आणि तो उठून उभा राहिला.

"येतो, बुवा. लई उपकार झालं."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते तिसऱ्या द्रोणाकडे पाहत होते. केरबाचीही नजर तिकडे गेली. काठोकाठ भरलेला तो द्रोण निम्म्यावर आला होता, आणि आतल्या अंगाला बोटं फिरल्याच्या ओल्या रेघा होत्या.

"बस खाली," बुवा हलक्या आवाजात म्हणाले. "त्येचं आजून व्हायचंय."